ठाणे ते ठाणे, व्हाया रामेश्वर

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठे तरी लांब जाण्याचा बेत आमच्या घरी दरवर्षी जानेवारीत शिजू लागतो आणि एप्रिलअखेर करपतो. मग मुलांची समजूत घालून आम्ही माझ्या माहेरी, देवरुखला जातो, आंबे-फणस खातो आणि पावसाबरोबर ठाण्याला परततो. माहेरी जाण्यात काही उणे आहे असे नव्हे. पण थोरलीने एकदा एस्टीत चढता चढता विचारले, "आई, आपल्या देशाचा नकाशा देवरुखला संपतो का गं?" हे खिडकीबाहेर पाहू लागले. मी सुटे पैसे मोजण्याचा आव आणला.

२०२५ च्या उन्हाळ्यात मात्र जायचेच असे ठरले, त्याला दोन कारणे झाली. थोरली नववीत होती. दहावीचे वर्ष एकदा लागले की क्लास, मग अकरावी-बारावी, मग कॉलेज. घरातली सगळी माणसे एका गाडीत बसून हिंडतील असा उन्हाळा पुन्हा कधी येईल ते कोणी सांगावे? दुसरे कारण असे की डिसेंबरात माझ्या भिशीचा नंबर लागला. साठ हजार रुपये हातात आले. ह्यांच्या मनात फ्रीज बदलायचे होते. मी म्हटले, फ्रीज अजून गार करतोय.

माणसे पाच. आम्ही उभयता, थोरली, आठ वर्षांचा धाकटा आणि सासूबाई. सासूबाईंचे वय एकाहत्तर आणि गुडघे त्याहून वडील. साठ हजारांत पाच माणसे बारा-तेरा दिवस हिंडवायची म्हणजे माणशी बारा हजार. आधी आम्ही रीतसर एका प्रवासी कंपनीच्या कचेरीत गेलो. गार हवेत बसवून तिथल्या मुलीने सुरेख रंगीत पुस्तिका दाखवली. दक्षिण भारत, नऊ दिवस, माणशी चौतीस हजार. त्यात दोन वेळचा चहासुद्धा धरलेला आहे, असे तिने आवर्जून सांगितले. जिना उतरताना हे म्हणाले, "चहा नको म्हटले असते तर किती कमी झाले असते गं?"

तेव्हा मी वही घातली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर पाच नावे लिहिली आणि प्रत्येकाला एकच गोष्ट मागायला सांगितली. एकच, पण ती मिळणारच. हा उपाय मला माझ्या आईने शिकवला. दिवाळीच्या फराळात प्रत्येकाचा एक जिन्नस ठरलेला असला म्हणजे कोणी रुसत नाही. थोरलीला इतिहासाचे वेड. ती म्हणाली, तंजावर. धाकट्याला जिथे देश संपतो ते टोक बघायचे होते. ह्यांना पावसातली कोकण रेल्वे हवी होती, खिडकीपाशी बसून, कोणी काही न बोलता. (हा शेवटचा भाग माझ्याकडे बघून.) सासूबाई म्हणाल्या, "मला काय, तुम्ही न्याल तिथे येईन." मी त्यांच्या नावापुढे रेघ ओढली. माझे मला कोणी विचारले नाही, म्हणून मीच लिहिले: मदुरैचा मोगरा.

खर्चाचा अदमास करायला बसले आणि एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. इतकी वर्षे आम्ही अंतराला भीत होतो. कन्याकुमारी म्हणजे किती लांब, किती खर्च! पण आगगाडीचे भाडे अंतराच्या प्रमाणात वाढत नाही. हजार किलोमीटरचे भाडे शंभर किलोमीटरच्या दहापट नसते, पुष्कळच कमी असते; जितके लांब जावे तितका दर किलोमीटरला पडणारा पैसा उतरत जातो. पैसे खातो तो मुक्काम. खोली, जेवण, रिक्षा, आणि मुलांनी वाटेत बोट दाखवलेली प्रत्येक वस्तू. म्हणजे महाबळेश्वरला चार रात्री राहणारा मनुष्य चैन करतो आणि तीन हजारांवर किलोमीटर गाडीत बसणारा काटकसर, असा उलटा हिशेब निघाला. मग लांब जायचे, मुक्काम थोडे करायचे, आणि एखादी रात्र गाडीतच काढून खोलीचे पैसे वाचवायचे, असे सूत्र ठरले. ज्याच्याजवळ पैसा कमी आणि सुट्टी जास्त त्याच्यासाठी हे बरे. ह्यांची रजा साठलेली होती.

ह्याच शोधात मला सर्क्युलर तिकिटाचा पत्ता लागला. रेल्वेची ही सोय जुनी आहे, पण ती फार थोड्यांना ठाऊक असते. ज्या स्टेशनावरून निघायचे त्याच स्टेशनावर परत यायचे, वाटेत आठपर्यंत मुक्काम करायचे, आणि सगळ्या वर्तुळाचे एकच तिकीट काढायचे. भाडे आकारताना एकूण अंतराचे दोन सारखे भाग धरतात आणि प्रत्येक भागाचे एक सरळ तिकीट मानतात. त्यामुळे लांब पल्ल्याच्या उतरत्या दराचा फायदा लहान लहान टप्प्यांनाही मिळतो. हे तिकीट घरबसल्या फोनवर निघत नाही. मार्ग लिहून अर्ज द्यावा लागतो, तो रेल्वेच्या विभागीय कचेरीत मंजूर व्हावा लागतो, मग तिकीट, आणि मग प्रत्येक टप्प्याचे आरक्षण खिडकीवर निराळे.

ज्या स्टेशनावर हे प्रथम चौकशीला गेले तिथल्या खिडकीवरच्या बाबूंनी असे तिकीट आता नसतेच म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशी मी गेले. नियम कागदावर उतरवून नेला होता. बाबूंनी तो वाचला, आतल्या साहेबांना दाखवला, आतून एक वयस्कर गृहस्थ बाहेर आले आणि अशा कौतुकाने माझ्याकडे पाहू लागले की जणू मी त्यांच्या लग्नातला फोटो आणून दिला होता. पुढचे सगळे त्यांनीच समजावले.

मार्ग असा बसला: ठाण्याहून पुणे-सोलापूरच्या अंगाने चेन्नई, तिथून तंजावर, मदुरै, कन्याकुमारी, मग तिरुवनंतपुरम, आणि केरळ-गोव्यातून कोकण रेल्वेने परत ठाणे. ठाणे ते ठाणे! धाकट्याला ह्यात फारच गंमत वाटली. "म्हणजे आपण कुठेच जात नाही," तो शेजारी सांगत सुटला. स्लीपरच्या वर्गाने माणशी दीड हजाराच्या आसपास खर्च आला. सुटी तिकिटे काढली असती तर माणशी काही शेच जास्त पडले असते. तेव्हा ह्या तिकिटाने आम्ही श्रीमंत झालो असे नव्हे. पण वर्तुळ एकदा कागदावर मंजूर झाले की "जाता जाता उटी करू या का" असल्या सूचनांना आपोआप चाप बसतो. हा लाभ मोठा.

धाकट्याला स्वतंत्र बाक हवा म्हणून पूर्ण भाडे पडले. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना बाक घेतला तर एप्रिल २०१६ पासून निम्मे तिकीट मिळत नाही. सासूबाईंचे मात्र मला वाईट वाटले. बायकांना अठ्ठावन्नाव्या वर्षापासून निम्म्या भाड्याची सवलत असे. मार्च २०२० मध्ये ती थांबली. "मी धडधाकट होते तेव्हा सवलत होती, आता गुडघे गेले नि सवलतही गेली," एवढेच त्या म्हणाल्या आणि पुढे शेंगा सोलत बसल्या.

आता तारखा. मे महिन्यात तामिळनाडूत जायचे म्हणजे तव्यावर जायचे. तिथे ४ मेच्या सुमारास जे कडक ऊन सुरू होते आणि पंचवीस दिवस टिकते त्याला ते लोक अग्निनक्षत्र म्हणतात; त्या काळात शुभकार्येही टाळतात. २८ मेला ते संपत होते. दुसऱ्या बाजूने पावसाचे भय, कारण केरळात मोसमी पाऊस नेमाने १ जूनच्या आगेमागे येतो. मग थोरलीने एक फारच उपयोगाची गोष्ट शोधली. तामिळनाडू आणि केरळ इथल्या शाळा २ जूनला उघडत होत्या, आमची १६ जूनला. म्हणजे मधला पंधरवडा असा की तिकडची मुले वर्गात आणि आमची मोकळी. गर्दी ओसरलेली, खोल्यांचे भाव खाली. थोडा पाऊस लागला तर छत्र्या आहेतच. २७ मेला निघायचे आणि ८ जूनला परतायचे असे ठरले. दहावीच्या क्लासवाल्यांनी मेमधल्या जादा तासांची फी आधीच घेतली होती; ते रागावले. थोरलीने वह्या मैत्रिणीकडून उतरवून घेण्याचे कबूल केले, आणि पुढे ते पाळले देखील.

आरक्षण पूर्वी एकशेवीस दिवस आधी मिळे. १ नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी मिळते. शिवाय आमचे टप्पे निरनिराळ्या तारखांचे, म्हणून ज्याची त्याची खिडकी निरनिराळ्या दिवशी उघडणार. मार्चअखेरपासून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हे पाच वेळा पहाटे रांगेत उभे राहिले. तक्रार केली नाही. रांगेतल्या एका गृहस्थांशी त्यांची इतकी मैत्री झाली की अजून त्यांचे सकाळचे संदेश येतात.

आणि मग ६ एप्रिल आला. रामनवमी. दुपारी बारा वाजता पाळणा झाला, सुंठवडा वाटला आणि आम्ही टीव्हीपुढे बसलो. रामेश्वरच्या खाडीवर बांधलेल्या नव्या पांबन पुलाचे त्या दिवशी उद्घाटन होते. जुना पूल १९१४ सालचा. डिसेंबर २०२२ पासून त्याच्यावरून गाड्या बंद होत्या, रामेश्वरला जायचे तर रस्त्यानेच. म्हणून मी रामेश्वर बेतात धरलेच नव्हते. सासूबाईंना मोटारीचा प्रवास सोसत नाही. घाटकोपरपर्यंत टॅक्सीने गेल्या तरी त्यांना लिंबू लागते.

पडद्यावर समुद्रातून गाडी चाललेली दिसली. सासूबाई उठल्या, देवघरात गेल्या आणि हातात गंगेचा गडू घेऊन आल्या. तांब्याचा, डाख देऊन तोंड बंद केलेला. मामंजींनी तो १९९४ साली काशीहून आणला होता. गिरणी सुटल्यावर हातात आलेल्या पैशांतून त्यांनी ती एक यात्रा केली. काशीची गंगा रामेश्वराला घालायची, तेव्हा ती यात्रा पुरी होते. ते रामेश्वरला जायचे राहिले. २०११ साली गेले. तेव्हापासून दर दिवाळीला सासूबाई गडू चिंचेने घासत आणि कानाशी धरून हलवून पाहत, आत पाणी वाजते की नाही ते. आम्ही सगळ्यांनी हे पाहिले होते आणि कोणीही त्याचा अर्थ विचारला नव्हता.

"आता गाडी जाते म्हणतात," त्या म्हणाल्या.

मी वही आणली आणि त्यांच्या नावापुढची रेघ खोडली.

पण रामेश्वर वर्तुळात बसेना. तो रुळाचा एक फाटा आहे, ज्या वाटेने जायचे त्याच वाटेने परतायचे. आणि आमचे तिकीट तर मंजूर होऊन आलेले. शेवटी मदुरैचा मुक्काम दोन दिवसांनी वाढवला, चेन्नईचा एक आणि तिरुवनंतपुरमचा एक दिवस कापला, आणि मदुरै-रामेश्वर पॅसेंजरचे तिकीट तिथेच काढायचे ठरवले. कन्याकुमारीला मी एक कोरा दिवस ठेवला होता, काहीच न ठरवलेला. हे म्हणाले, तो कापू. मी नाही म्हटले. का ते मला तेव्हा सांगता आले नाही.

एप्रिलच्या २२ तारखेला पहलगामला पर्यटकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मारल्या गेलेल्यांत आमच्या शेजारच्या डोंबिवलीचे तिघे होते. आमच्या इमारतीतल्या दोन बिऱ्हाडांचे काश्मीरचे बेत रद्द झाले. पुढे मेच्या पहिल्या पंधरवड्यात सीमेवरच्या बातम्या ऐकत कोणालाच सामान बांधावेसे वाटत नव्हते. जावे की न जावे, असे आम्हीही दोन रात्री बोललो. सासूबाईंसमोर बोललो नाही.

पावसाने मात्र माझ्या वहीची पुरती फटफजिती केली. १ जून म्हणून मी ज्याच्या भरवशावर होते तो मोसमी पाऊस केरळात २४ मेलाच येऊन दाखल झाला. २००९ नंतर इतक्या लवकर तो आला नव्हता. आणि २६ मेला मुंबईत. आमच्या निघण्याच्या आदल्या दिवशी! लोकल खोळंबल्या, रस्त्यांना नद्या आल्या, आणि मी वाळवणाच्या पापडांसारखे पसरलेले कपडे पंख्याखाली वाळवत बसले. दुसऱ्या दिवशी ट्रंका नव्हे, पाठीवरच्या पाच पिशव्या घेऊन आम्ही गाडीत बसलो. दशम्या, मेतकूट, भाजणीचे कडबोळे, लिंबाचे लोणचे असे दोन दिवसांचे बरोबर होते. गाडीतले जेवण विकत घेणे ही चूक मी लग्नानंतर पहिल्या प्रवासात केली होती, तेवढी पुरे.

लांब गाडीचे सुख असे की पहिल्या तीन तासांत भांडणे होऊन जातात. सोलापूर येईतो सगळे शहाणे झाले होते. चेन्नईत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुंबईची गाडी उतरवते सेंट्रलला आणि तंजावरकडची सुटते एग्मोरहून. स्टेशने जवळ आहेत, पण निराळी आहेत. सामान ठेवून दिवसभर समुद्र पाहिला आणि रात्रीच्या गाडीने पहाटे तंजावरला उतरलो.

तंजावरचे बृहदीश्वराचे देऊळ राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरे केले. दोनशे फुटांहून उंच ते शिखर पहाटेच्या उजेडात पाहिले आणि धाकट्याचीही बडबड थांबली. पण थोरली शिखराकडे पाहत नव्हती. ती मागच्या भिंतीपाशी गेली होती आणि बोटाने अक्षरे लावत होती. भोसले घराण्याचा सगळा इतिहास १८०३ साली सरफोजी राजांनी तिथे दगडावर कोरवला आहे, मराठीत! दीड हजार किलोमीटर आलो आणि भिंतीवर आपली भाषा. शिवाजी महाराजांचे सावत्रभाऊ व्यंकोजी राजे इकडे आले आणि त्यांच्या वंशाने १८५५ पर्यंत इथे गादी सांभाळली, हे मीही शाळेत पाठ केले होते. पण पाठ केलेले निराळे आणि दगडाला हात लावणे निराळे. राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत-तामिळबरोबर मराठी पोथ्यांचाही साठा आहे. सरफोजी राजे जगभरची पुस्तके जमवीत. खाणावळीत एक म्हातारे गृहस्थ आमचे बोलणे ऐकून टेबलाशी आले आणि मराठीत बोलू लागले. शब्द ओळखीचे, हेल सगळा दक्षिणी. त्यांच्या घरी तीच भाषा चालते म्हणे. सासूबाई आणि ते सांबाराच्या फोडणीवर अर्धा तास बोलले.

मदुरैला मीनाक्षीच्या देवळाबाहेर मला माझा मोगरा मिळाला. टपोऱ्या, जाड पाकळ्यांच्या कळ्या, वाराने मोजून देतात. चाळीस रुपयांत केसभर. रिक्षावाल्यांनी मात्र तिथे आम्हांला चांगलेच धुतले. तीन दिवसांत बाराशे रुपये. त्यांत सासूबाईंचे गुडघे होते, म्हणून घासाघीस करायला जोर नव्हता.

रामेश्वरची पॅसेंजर सकाळी लवकर निघते आणि चार तासांच्या आत पोचवते. मंडपम सोडले आणि गाडी मंद झाली. दोन्ही बाजूंना पाणी. शेजारी जुना पूल तसाच उभा, गंजलेला. नव्या पुलाचा मधला सत्तर-बहात्तर मीटरचा तुकडा जहाजासाठी सरळ वर उचलला जातो, असे धाकटा डब्यातल्या सगळ्यांना सांगत होता. त्यांना मराठी कळत नव्हते, पण हातवारे कळत होते. सासूबाईंनी गडू पदराखाली धरला होता. त्या पाण्याकडे पाहत नव्हत्या. समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहत होत्या.

रात्र एका मठाच्या खोलीत काढली. पहाटे अग्नितीर्थावर समुद्रस्नान, मग देवळातल्या बावीस कुंडांचे पाणी. सासूबाईंना सगळी कुंडे झेपली नाहीत. सहाव्याला त्या बसल्या, उरलेली थोरलीने त्यांच्या वतीने घेतली आणि ओलीचिंब होऊन परत आली. कचेरीत पावती फाडून गडू दिला. देवळात फोन नेऊ देत नाहीत, त्यामुळे पुढच्या गोष्टीचा फोटो नाही. डाख फोडला तेव्हा आवाज झाला. मला भीती होती की एकतीस वर्षांत आत काही उरलेच नसेल. पाणी होते. गडूभर नव्हते, निम्म्याहून थोडे जास्त. ते पिंडीवर पडायला किती वेळ लागणार? सासूबाईंनी हात जोडले आणि मामंजींचे नाव घेतले. त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकले. उखाण्यातसुद्धा त्या "धाकटीचे बाबा" म्हणून वेळ मारून नेत.

कन्याकुमारीला पहिल्या दिवशी समुद्र इतका खवळला होता की खडकावर जाणाऱ्या होड्या बंद. धाकट्याने किनाऱ्यावर बसून रडण्याची तयारी केली. तेव्हा माझा कोरा दिवस कामास आला. दुसऱ्या दिवशी वारा पडला, दुपारपर्यंत होड्या सुरू झाल्या. विवेकानंदांचे स्मारक १९७० साली उभे राहिले ते एकनाथजी रानडे ह्यांच्या खटपटीने. ते अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे. सामान्य माणसांकडून एकेक रुपयापासून वर्गणी गोळा करून त्यांनी हे काम तडीस नेले. शेजारच्या खडकावर तिरुवल्लुवरांचा १३३ फुटी पुतळा; दोन्ही खडकांना जोडणारा काचेचा पूल ३० डिसेंबर २०२४ ला खुला झाला. काचेखाली लाटा फुटतात. धाकटा त्यावर ताठ चालला, हे कठड्याला धरून. आम्ही उतरलो होतो विवेकानंदपुरमच्या साध्या, स्वच्छ खोल्यांत. त्या मात्र खूप आधी सांगून ठेवाव्या लागतात.

परतीची गाडी तिरुवनंतपुरमहून सकाळी सुटली. दिवसभर केरळ, आणि दुसऱ्या सकाळी गोव्यापासून पुढे पाऊस. रत्नागिरीच्या अलीकडे-पलीकडे बोगदे, ओल्या कातळाचा वास, पानवलच्या उंच पुलाखाली धुके. ह्यांनी खिडकी धरली होती. मी एक शब्द बोलले नाही. संगमेश्वर रोड आले तेव्हा थोरली म्हणाली, "आई, देवरुख इथून जवळच ना? उतरायचे का?"

घरी येऊन वही मिळवली. अठ्ठावन्न हजार तीनशे चाळीस. तिकिटांचे साडेआठ हजार सोडले तर बाकी सगळे खोल्या, जेवण आणि रिक्षा ह्यांनी खाल्ले. सगळ्यात जास्त चुकला तो कॉफीचा अंदाज. त्या पितळी वाटी-पेल्यातली कॉफी ह्यांनी दिवसाला पाच वेळा प्यायली, आणि तिसऱ्या दिवसापासून सासूबाईंनीही. दोन छत्र्या, तंजावरची मान डोलावणारी एक बाहुली आणि गुडघ्याला लावायचा मलम हे बेताबाहेरचे. उरलेल्या सोळाशे साठ रुपयांत फ्रीज येत नाही, एवढे मी ह्यांना सांगितले.

गडू पुन्हा देवघरात आहे. सासूबाईंनी अग्नितीर्थाजवळची मूठभर वाळू त्यात भरून आणली आणि तोंडाला फडके बांधले. ती वाळू आता उत्तरेला नेऊन गंगेत सोडायची असते. वहीच्या पुढच्या पानावर थोरलीने "प्रयाग" असे लिहून ठेवले आहे आणि खाली पाच नावे घातली आहेत. भिशीची चिठ्ठी पुन्हा कधी लागेल ते पाहायचे; ह्या वेळी सासूबाईंनीही एक हप्ता धरला आहे.